विकलेल्या घरातला भाडेकरू



मागच्या वेळी बोलणं आटोपून आम्ही सभागृहाच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा एका तरुणाने गाठलं. कारंज्याला नोकरीला आहे म्हणाला. "सर, घरमालकाने घर विकायला काढलंय. माझा अकरा महिन्यांचा कागद आहे, त्यातले चारच महिने झालेत. मला निघावं लागेल का?" आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर. त्याला म्हटलं, पुढचं व्याख्यान याच विषयावर ठेवतो. तो हसला. तोवर घराची रजिस्ट्री होऊन जाईल, असं त्याच्या मनात आलं असणार.

पण प्रश्न मनातून गेला नाही, कारण हाच प्रश्न आम्ही लहानपणी आमच्या घरात ऐकला होता. साठीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. वडील वाशीमला शिक्षक, आणि आम्ही जुन्या वस्तीतल्या एका वाड्यात दोन खोल्या नि ओसरीचा तुकडा भाड्याने घेऊन राहत होतो. एका संध्याकाळी मालकांचा मुलगा येऊन सांगून गेला की वाड्याचा सौदा झाला आहे, इसार घेतला आहे. त्या रात्री आईने भाकरी थापल्या, पण जेवलं कोणी नाही. दुसऱ्या दिवशी वडील आम्हाला सोबत घेऊन एका म्हाताऱ्या वकिलांकडे गेले. वकील बंडीवर, पाय वर घेऊन बसलेले. सगळं ऐकून म्हणाले, "मास्तर, घर इकलं तं इकू द्या. तुमी कायले भेता? घर इकलं हाय, तुमाले नाई इकलं. भाड्याच्या पावत्या तेवढ्या सांभाळा."

वडिलांनी पावत्या सांभाळल्या. पत्र्याच्या पेटीत, दोऱ्याने बांधून. नवे मालक आले, पहिल्या महिन्यात थोडी कुरकुर झाली, मग ते भाडं घेऊ लागले आणि आम्ही पुढे कितीतरी वर्षं तिथेच राहिलो. वकिलांचं ते वाक्य आम्हाला तेव्हा गमतीचं वाटलं होतं. त्याच्या पोटात दोन हजार वर्षांचं भांडण आहे, हे कळायला आम्हाला निम्मं आयुष्य लागलं.

भांडण असं आहे. मी तुमचं घर भाड्याने घेतलं. आता माझा हक्क कोणावर आहे? तुमच्यावर, की घरावर? तुमच्यावर असेल, तर तो तुमच्या-माझ्यातला शब्द आहे. तुम्ही घर तिसऱ्याला विकलंत की त्या तिसऱ्याने मला शब्द दिलेला नाही, तो मला बाहेर काढू शकतो. घरावर असेल, तर घर ज्याच्या हातात जाईल त्याच्यामागे माझा हक्कही जातो. बाभळीचं झाड विकलं तर त्यावरचं पाखरांचं घरटं विकलं जातं का, असं आम्ही वर्गात मुलांना विचारत असू. मुलं म्हणायची, घरटं झाडाबरोबर जातं. मग आम्ही विचारत असू, आणि पाखरं?

रोमन कायद्याने पहिली बाजू घेतली होती. तिथे भाडेकरूचा हक्क मालकाशी झालेल्या करारापुरता. मालकाने घर विकलं की खरेदीदार भाडेकरूला उठवू शकत असे. दुसऱ्या शतकातला गायस नावाचा कायदेपंडित सांगतो की, घर भाड्याने दिलेल्या माणसाने ते विकताना खरेदीदाराकडून कबूल करून घ्यावं, की भाडेकरूला त्याच अटींवर राहू देईन. तसं केलं नाही आणि भाडेकरूला निघावं लागलं, तर भाडेकरूने जुन्या मालकावर दावा लावावा. म्हणजे घर गेलं ते गेलंच, भरपाई मात्र मागता येईल. हा गायस लक्षात ठेवा, शेवटी तो परत येणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनांनी आपली मोठी दिवाणी संहिता लिहायला घेतली, तेव्हा १८८८च्या पहिल्या मसुद्यात त्यांनी हाच रोमन नियम ठेवला होता: विक्रीने भाडं मोडतं. त्यावर देशभर ओरड झाली. ओटो फोन गिर्के यांच्यासारख्या मोठ्या कायदेपंडिताने मसुद्यावर झोड उठवली, की हे पुस्तकी रोमन डोकं आहे, आपल्या लोकांची रीत अशी नाही. शेवटी नियम उलटा झाला आणि १ जानेवारी १९०० रोजी संहिता लागू झाली तेव्हा तिच्यात होतं: विक्रीने भाडं मोडत नाही. जर्मन शाळकरी पोरालाही हे वाक्य म्हणीसारखं पाठ असतं म्हणतात. आम्हाला यातली गंमत वेगळी वाटते. शहरं वाढत होती, माणसं गावं सोडून भाड्याच्या खोल्यांत येत होती, आणि त्या खोल्यांनीच कायद्याच्या पंडितांना रोम सोडायला लावलं.

आपल्याकडे इंग्रजांनी १८८२ साली मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा केला, ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट. त्याचं १०९ वं कलम आमच्या त्या वकिलांच्या वाक्याचं घर आहे. ते म्हणतं, भाड्याने दिलेली मालमत्ता मालकाने दुसऱ्याला दिली, तर घेणाऱ्याला जुन्या मालकाचे सगळे हक्क मिळतात, आणि भाडेकरूची तशी इच्छा असेल तर जुन्या मालकाच्या जबाबदाऱ्याही त्याच्या अंगावर येतात. 'भाडेकरूची इच्छा असेल तर' हे शब्द कायद्यातच आहेत बरं का. जुना मालक नुसतं घर विकून जबाबदारीतून सुटत नाही. आणखी एक बारीक सोय त्यात आहे. घर विकलं गेल्याचं भाडेकरूला ठाऊक नसताना त्याने जुन्याच मालकाला भाडं दिलं, तर नवा मालक ते पुन्हा मागू शकत नाही. नवीन करारनामा लागत नाही, नव्या मालकाला मालक मानतो असं लिहून द्यावं लागत नाही. नातं आपोआप सरकतं.

मग वडील घाबरले ते उगीचच का? नाही. कारण त्याच कायद्यात १०६ वं कलम आहे. महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस दिली की भाडेकरूपण संपतं. विक्रीने नातं मोडत नाही हे खरं, पण नवा मालक रजिस्ट्रीच्या दुसऱ्या दिवशी नोटीस धाडू शकतो. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. नुसत्या १०९ व्या कलमावर विसंबलेल्या भाडेकरूचा हक्क पंधरा दिवसांचा.

तो पंधरा दिवसांचा हक्क लांबला महायुद्धांमुळे. पहिल्या युद्धात ग्लासगोच्या बायकांनी १९१५ साली वाढीव भाडं द्यायचं नाकारलं, मेरी बार्बर त्यांच्या पुढे होत्या, आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने भाडी गोठवली. मुंबईत तसा कायदा १९१८ साली आला. दुसऱ्या युद्धात आणि फाळणीनंतर पुन्हा तेच झालं. धान्य महाग, कापड रेशनवर, आणि शहरात माणसं जास्त, खोल्या कमी. १९४७चा मुंबईचा भाडेकायदा सगळ्यांना माहीत असतो, कारण त्याच्यावर नाटकं झाली, सिनेमे झाले, पागडी हा शब्द त्याने घरोघर नेला. पण श्रोतेहो, तो कायदा आपला नव्हता. वाशीमला तो कधी लागूच नव्हता.

आपण तेव्हा मुंबईत नव्हतो, मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होतो. राजधानी नागपूर. आपलं वऱ्हाड म्हणजे मोठं चमत्कारिक प्रकरण. १८५३ साली निजामाने ते इंग्रजांच्या हवाली केलं, १९०३ साली कायमच्या भाडेपट्ट्याने मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलं. हो, भाडेपट्ट्याने! सबंध मुलूखच भाड्याने गेलेला. कागदावर मालक हैदराबादचा निजाम, राहते आणि राबते इंग्रज. भाडेकरू कसा मालकासारखा वागू शकतो याचं याहून मोठं उदाहरण आम्हाला माहीत नाही. वाशीम त्या काळात स्वतंत्र जिल्हा होता, बासिम म्हणत. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला, आणि परत जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला.

नागपूरच्या सरकारने १९४६ साली घरं भाड्याने देण्याच्या नियमनाचा कायदा केला आणि त्याखाली १९४९ साली भाडेनियंत्रणाचा हुकूम काढला. जुने वकील त्याला नुसतं 'रेंट कंट्रोल ऑर्डर' म्हणत. आमच्या वडिलांना ज्याने वाचवलं तो हा हुकूम. त्याची रीत मुंबईहून निराळी होती, आणि आमच्या मते हुशारीची होती. त्याने कलम १०६ची नोटीस रद्द केली नाही. तिच्या दारात एक माणूस बसवला. तो माणूस म्हणजे रेंट कंट्रोलर, महसूल खात्यातला अधिकारी. मालकाला नोटीस द्यायची असेल तर आधी याची लेखी परवानगी आण. परवानगी मिळाली तर नोटीस दे, नोटीस संपली तर दिवाणी कोर्टात जा. तीन दारं, एकामागे एक. परवानगीविना दिलेली नोटीस म्हणजे कोरा कागद.

आणि परवानगी कशासाठी मिळे? हुकुमाच्या तेराव्या कलमात कारणं मोजून दिली होती. भाडं थकवलं. नेहमीच थकवतो. परस्पर पोटभाडेकरू ठेवला. घराची नासधूस केली. भाडेकरूने स्वतःसाठी दुसरी जागा मिळवली. घराला अत्यावश्यक दुरुस्ती हवी. आणि मालकाला स्वतः राहण्यासाठी घराची खरी गरज आहे, पण तेव्हाच, जेव्हा त्याच गावात त्याचं दुसरं राहतं घर नसेल. ही यादी आम्ही पुढे प्राध्यापक झाल्यावर अकोल्याच्या एका ग्रंथालयात बसून प्रथम वाचली तेव्हा बोट ठेवून शोधत होतो: विक्री कुठे आहे? नव्हतीच. मालकाला घर विकायचं आहे, हे भाडेकरूला उठवण्याचं कारण म्हणून हुकुमात नव्हतंच. विका की. तुम्हाला कोण अडवतंय? हुकूम विक्रीच्या आड येत नव्हता, तो फक्त विचारत होता की तुम्हाला राहायला गरज आहे का. आणि विकणाऱ्याला राहायची गरज नाही, हे तर विकण्यातूनच सिद्ध होतं.

या हुकुमाला कडू बाजूही होती. घर रिकामं झालं की मालकाने सात दिवसांत सरकारला कळवायचं, आणि सरकार सांगेल त्या नोकरदाराला ते द्यायचं. म्हणजे मालकाने ज्याला निवडलं नाही असा माणूस त्याच्या माडीवर येऊन राही. आमच्या ओळखीचे एक कापसाचे व्यापारी आयुष्यभर म्हणत, माझ्या घराची किल्ली माझ्याजवळ आणि कुलूप कलेक्टरजवळ. त्यांचा राग खोटा नव्हता.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. पैनगंगेच्या या बाजूला आपण, १९४९च्या हुकुमाखाली. पलीकडे हिंगोली, ती जुन्या हैदराबाद राज्यातली, तिथे १९५४चा हैदराबाद भाडेकायदा, ज्यात रेंट कंट्रोलर स्वतःच घर खाली करण्याचा हुकूम देई. आणि पश्चिमेला खानदेश ओलांडून मुंबईपर्यंत १९४७चा कायदा, ज्यात मालक थेट कोर्टात जाई. १ नोव्हेंबर १९५६ला आपण मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला, आणि तरी पुढची चाळीस वर्षं एकाच राज्यात तीन कायदे. एकाच घराण्यातल्या तीन भावांनी वाशीम, हिंगोली आणि जळगावात घरं भाड्याने घेतली असती, तर तिघांचं भाडेकरूपण तीन प्रकारचं झालं असतं. एक मात्र तिन्हींत सारखं होतं. मालकाला विकायचं आहे एवढ्या कारणाने भाडेकरूला काढा, असं तिन्हींपैकी एकातही नव्हतं.

हे तीन कायदे एक झाले ते मुंबईतल्या मालकांच्या तक्रारीमुळे. तिथे भाडी १९४०च्या पातळीवर अडकली होती. १९९७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सांगितलं की इतकी वर्षं भाडं गोठवून ठेवणं न्यायाला धरून राहिलेलं नाही. मग विधिमंडळाने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ केला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि आपला जुना हुकूम त्या दिवशी संपला. परवानगीचं पहिलं दार गेलं. आता मालक सरळ दिवाणी न्यायालयात जातो. दर वर्षी चार टक्के भाडेवाढ करता येते. थकबाकीसाठी दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस आणि नव्वद दिवस थांबायचं. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक. पाणी-वीज तोडून माणसाला हैराण करणं हा गुन्हा.

या कायद्याच्या १६ व्या कलमात घर परत मिळवण्याची कारणं आहेत. त्यांतही आम्ही पुन्हा बोट फिरवलं. या वेळी 'विक्री' सापडली, पण कशी पाहा. भाडेकरूने स्वतःच घर सोडण्याची नोटीस दिली, तिच्यावर विसंबून मालकाने विक्रीचा करार केला, आणि आता भाडेकरू निघत नाही म्हणून मालकाचं मोठं नुकसान होईल, तर न्यायालय घर देववेल. म्हणजे विक्रीचा उल्लेख आला तो भाडेकरूने दिलेला शब्द पाळावा म्हणून. एरवी नाही.

मग खरेदीदार काय करतो? तो मालक झाला की स्वतःच्या गरजेचं कारण काढतो. मला राहायला घर हवं, मुलाचं लग्न ठरलंय. हा खरा रस्ता आहे आणि आमच्या पाहण्यातली बहुतेक घरं याच रस्त्याने खाली झाली. विलायतेच्या कायद्याने हा रस्ता फार पूर्वी ओळखला होता. राहत्या भाडेकरूसकट घर विकत घ्यायचं आणि मग स्वतःची गरज सांगायची, हे चालणार नाही असं त्यांच्या कायद्याने म्हटलं होतं. आपल्याकडे तशी सरसकट बंदी नाही. आपल्याकडे न्यायाधीश तराजू धरतो: खरेदीदाराला दुसरी जागा आहे का, भाडेकरूला आहे का, घर दिल्याने कोणाचं हाल जास्त, न दिल्याने कोणाचं. हवं तर घराच्या एका भागापुरताच हुकूम देतो. आणि गरज सांगून घर घेतलं, पण महिन्याभरात तिथे राहायला गेला नाही किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलं, तर जुना भाडेकरू परत आत येण्याची मागणी करू शकतो. फ्रान्समध्ये आणखी वेगळं आहे. तिथे १९८९च्या कायद्याप्रमाणे मालकाला विकण्यासाठी भाडेकरूला नोटीस देता येते, पण ती नोटीस म्हणजे भाडेकरूलाच घर विकण्याचा प्रस्ताव मानली जाते, आणि पहिले दोन महिने विचार करायचा हक्क त्याचा. आमच्या कायद्यात भाडेकरूला असा पहिला हक्क नाही. मालकाने विचारलं तर उपकार, नाही विचारलं तर तक्रार नाही.

इथे थोडं थांबून एक विसंगती सांगतो. ज्या वऱ्हाडात घराच्या भाडेकरूला नुसतं संरक्षण मिळालं, त्याच वऱ्हाडात शेताच्या कुळाला मालकी मिळाली. विदर्भासाठी १९५८चा कूळकायदा झाला, आणि त्याखाली १९६१ आणि १९६३च्या १ एप्रिलला पुष्कळ कुळं कसत असलेल्या जमिनीची मालक झाली. कसेल त्याची जमीन. मग राहील त्याचं घर का नाही? आमच्या एका विद्यार्थ्याने हा प्रश्न परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतच आम्हाला विचारला होता. आम्ही त्याला गुण दिले, उत्तर दिलं नाही. मुंबईत जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी १९८६ साली तशी वाट काढली: सत्तर टक्के रहिवाशांनी संस्था करून मागणी केली तर इमारत संपादित करायची, मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट द्यायचे. मालक कोर्टात गेले, आणि त्यातून निघालेला घटनेचा प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढे जाऊन ५ नोव्हेंबर २०२४ला निकाल लागला, की खाजगी मालकीची प्रत्येक गोष्ट समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. वाशीमपर्यंत ही वाट आलीच नाही. तेव्हा ते राहू द्या.

आता जे सांगायला आम्ही टाळत होतो ते सांगतो. पुढे आमच्या वडिलांनी पै-पै साठवून वाशीमला लहानसं घर बांधलं. ते गेल्यावर घर आम्हा भावंडांच्या नावावर आलं. पुढच्या दोन खोल्यांत एक शिवणकाम करणारे गृहस्थ वडिलांच्या वेळेपासून भाड्याने राहत होते. जिल्हा झाल्यावर वाशीममध्ये कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, जागांचे भाव चढले, आणि आम्हीही घर विकायचं ठरवलं. जे आमच्या वडिलांच्या मालकांनी केलं तेच. दलाल आला, त्याने घर पाहिलं आणि दोन आकडे सांगितले. रिकामं घर असेल तर एक, माणूस आत असेल तर दुसरा. दुसरा बराच खाली. आम्ही आयुष्यभर हक्क म्हणजे काय हे शिकवलं, पण हक्काची किंमत रुपयांत लिहिलेली प्रथम त्या दिवशी पाहिली. त्या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे त्या शिंप्याचा हक्क. त्याचा खिसा रिकामा होता, तरी आमच्या घराच्या किमतीतला एवढा वाटा त्याच्याकडे होता.

धाकटा भाऊ म्हणाला, आपण कागद नवा करू. अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा. "फक्त कागद नीट व्हावेत म्हणून." वाईट हेतू कुणीच तोंडाने बोललं नाही. आम्हीही बोललो नाही, आणि यात आम्हाला काय चाललंय ते पुरतं कळत होतं. मसुदा तयार झाला. शिंपीदादा चष्मा पुसून सही करायला बसलेच होते. त्यांचा मुलगा, नुकताच पदवी झालेला, कागद वाचत होता. त्याने मान वर करून विचारलं, "सर, बाबांच्या जुन्या पावतीवर 'भाडेकरू' आहे. इथं तो शब्द कुठंच नाही. काहून?"

आम्ही म्हणालो, राहू दे, सही नको. एवढंच. तो कागद तसाच राहिला. दोन वर्षांनी घर भाडेकरूसकट विकलं, खालच्या आकड्याने. धाकट्या भावाला आपला हिस्सा किती कमी झाला ते अजून तोंडपाठ आहे आणि दिवाळीला तो ते एकदा तरी म्हणतो. पोराने विचारलं नसतं तर आम्ही थांबलो असतो का, हे आम्हाला माहीत नाही. थांबलो असतो असं आम्हाला वाटायला आवडतं.

त्या पोराला जे दिसलं ते हे. भाडेकरू आणि परवानाधारक, लायसन्सी, हे बाहेरून सारखेच दिसतात. दोघं महिन्याला पैसे देतात, दोघांच्या चुली त्याच ओट्यावर. पण भाडेकरूला जागेत हितसंबंध मिळतो, परवानाधारकाला फक्त मुभा. त्याचा कायदा वेगळा, तोही १८८२चाच, इंडियन इझमेंट्स ॲक्ट. त्याचं ५९ वं कलम सरळ म्हणतं की ज्याने मुभा दिली त्याने मालमत्ता दुसऱ्याला दिली, तर तो दुसरा त्या मुभेने बांधलेला नाही. ६३ वं कलम निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ देतं. आणि ६४ वं म्हणतं, पैसे घेऊन मुभा दिली होती आणि काही चूक नसताना मुदतीआधी काढलं गेलं, तर मुभा देणाऱ्याकडून भरपाई मागता येईल.

आठवला का गायस? खरेदीदार उठवेल, भाडेकरूने जुन्या मालकावर दावा लावावा. अगदी तेच. एकाच वर्षी दोन कायदे झाले, एकात विक्रीने नातं मोडत नाही, दुसऱ्यात मोडतं, आणि आज आपण बहुतेक जण सही करतो ती दुसऱ्याखाली. १९९९च्या कायद्यानेही यात मालकाची बाजू पक्की केली. मुभेचा लेखी करार असेल तर त्यात जे लिहिलंय तोच त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा, आणि मुदत संपल्यावर घर परत मिळवायला वेगळा, झटपट मार्ग. मालकांना भीती होती की माणूस एकदा आत आला की निघत नाही. ती भीती खोटी नव्हती, तो कापसाचा व्यापारी काही उगीच चिडत नव्हता. पण त्या भीतीवर जो उपाय निघाला त्याने भाडेकरू हा माणूसच हळूहळू कागदावरून नाहीसा होत चालला आहे. जुन्या वाड्यांतले म्हातारे तेवढे उरलेत. नव्या वसाहतीत राहणारे शिक्षक, बँकेतले कारकून, नर्सबाई, स्पर्धा परीक्षेची मुलं, यांच्या कपाटात अकरा महिन्यांचे कागद आहेत, आणि आपण भाडेकरू आहोत असं ते सगळे समजतात.

त्या कारंज्याच्या तरुणाकडे वळतो. तो आला आहे, तिसऱ्या रांगेत आहे, आम्हाला दिसतो आहे. तुम्ही आधी कागदाचा मथळा वाचा, मग आतला मजकूर वाचा. तो भाडेकरार आहे की लिव्ह अँड लायसन्स? भाडेकरार असेल आणि तुमचं गाव भाडे नियंत्रण कायद्याच्या अनुसूचीत येत असेल, तर विक्रीने तुम्हाला काही होत नाही. भाडं वेळेवर द्या, रोख देऊ नका, पावती घ्या, नवा मालक आला की रजिस्ट्रीची नक्कल मागा आणि पुढचं भाडं त्याला द्या. परवाना असेल तर विक्रीपूर्वीच जुन्या मालकाकडून खरेदीदाराला एक ओळ लिहायला लावा की, उरलेले सात महिने हा माणूस त्याच अटींवर राहील. गायसने हेच सांगितलं होतं, फुकटचा सल्ला आहे. करार नोंदवलेला आहे का ते पाहा. नोंदणी करणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, आणि ती त्याने केली नसेल तर अटींबद्दल तुम्ही जे सांगाल ते आधी खरं धरलं जातं, खोडून काढणं त्याच्याकडे. अनामत रक्कम कोण परत करणार हे दोघांच्या सहीने लिहून घ्या, कारण विक्रीनंतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि बोलणं सुरू असताना, उद्या सोडतो, परवा सोडतो, असं काही लिहून देऊ नका.

कागद सोबत आणला असेल तर खाली या. चष्मा आम्ही आणला आहे.